भावाखालची जमीन

शेअरबाजारात वावरणाऱ्या मंडळींच्या तोंडी 'सपोर्ट' हा शब्द इतक्या सहजपणे येतो, की भावाखाली खरोखरच कोणी दगडी चौथरा बांधून ठेवला असावा, असे नवख्याला वाटावे. अमुक शेअरला चारशे ऐंशीला आधार आहे, असे दलाल खात्रीने सांगतो. आणि पुष्कळदा भाव त्या आकड्यापर्यंत उतरून, तेथे जरा रेंगाळून, पुन्हा चढूही लागतो. कंपनीच्या हिशेबवहीत, कारखान्यात वा गोदामात या चारशे ऐंशीचा मागमूस नसतो. मग हा आधार राहतो कोठे? त्या भावाशी ज्यांचा कधी ना कधी संबंध आला, अशा असंख्य माणसांच्या स्मरणात तो राहतो, आणि त्यांच्यापाशी जी खबर असते तिच्या बळावर तगतो, असे मला वाटते.

कल्पना करा, एक शेअर शंभर रुपयांवर काही दिवस घुटमळला आणि मग एकशे वीसवर गेला. ज्याने शंभरला घेतला तो आपल्याच चातुर्यावर खूश असतो, आणि पुन्हा त्या भावाला मिळाल्यास आणखी घेण्याची त्याची तयारी असते. ज्याने शंभरला विकला तो मनातल्या मनात हात चोळीत बसतो. तिसरा असतो तो घेऊ घेऊ म्हणत राहून गेलेला. त्याचे दुःख सर्वांत मोठे, कारण तोट्याचा दाखला देण्याइतकाही त्याचा व्यवहार झालेला नसतो. भाव पुन्हा शंभराकडे उतरू लागला, की हे तिघेही एकमेकांना न ओळखता, न विचारता, एकाच दाराशी येऊन उभे राहतात. त्या गर्दीलाच बाजार आधार म्हणतो.

परंतु काही कारणाने भाव शंभराच्या खाली जाऊन नव्वदवर स्थिरावला, तर हीच गर्दी तोंड फिरवते. शंभरला घेतलेला आता, मुद्दल सुटले की गंगेत घोडे न्हाले, अशा मनःस्थितीत असतो. भाव वर चढत शंभराला भिडताच तो विकून मोकळा होतो, आणि कालचा आधार आज अडथळा बनतो. नफ्यातला शेअर घाईने विकावा आणि तोट्यातला मात्र उराशी कवटाळून बसावे, या मनुष्यस्वभावाची शास्त्रीय मांडणी हर्श शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन या अर्थतज्ज्ञांनी 1985 साली केली. आपल्याकडील कोणत्याही पेढीवरच्या जुन्या मुनिमाला ती निराळ्या शब्दांत ठाऊक असणार, याविषयी मला शंका नाही.

आलेखावर रेघा ओढून भविष्य सांगणाऱ्यांचा उपहास करणे सोपे आहे, आणि दूरचित्रवाणीवरील त्यांचा आविर्भाव पाहता तो करावासाही वाटतो. तरी त्यांच्या रेघांत काहीच तथ्य नाही असे म्हणता येत नाही. कॅरोल ऑस्लर या अमेरिकन संशोधिकेने एका मोठ्या बँकेकडे नोंदविलेले परकीय चलनाच्या खरेदीविक्रीचे हुकूम तपासले, आणि 2003 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नफा पदरात पाडून घेण्याचे हुकूम शून्यान्त आकड्यांवरच दाटीने बसलेले होते, तर तोटा आवरण्यासाठी दिलेले, म्हणजे ज्यांना 'स्टॉप लॉस' म्हणतात ते, त्या आकड्यांच्या किंचित पलीकडे दबा धरून होते. म्हणून भाव अशा आकड्यापाशी वारंवार अडतो, आणि एकदा का तो ओलांडला, की एक विक्री दुसरीला ढकलीत एकदम वेगाने धावतो. हा अभ्यास चलनांचा असला तरी शंभर, पाचशे, हजार या भरीव आकड्यांचा मोह शेअरवाल्यांनाही चुकलेला नाही.

आता खबरीकडे येऊ. तिचे माहात्म्य मुंबईने जितके मोल देऊन जाणले, तितके क्वचितच दुसऱ्या शहराने जाणले असेल. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेल्या पैशाला वाट हवी होती. ती नव्या बँका, नव्या वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन निर्माण करण्याच्या योजना यांच्या शेअरांत सापडली. खबर त्या काळी टपालाच्या आगबोटीने येई, आणि बंदराबाहेरच बोट गाठून लिव्हरपूलचे भाव इतरांआधी हस्तगत करण्याच्या कथा शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांच्याविषयी सांगितल्या जात. 1865च्या प्रारंभी इराणच्या आखातातून तारायंत्राची वाटही खुली झाली. परंतु खबर जलद मिळाल्याने ती सुखद होते असे थोडेच आहे!

त्या तेजीतला आधार कोणता, हे पाहण्यासारखे आहे. 1863च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. म्हणजे भाव चढला की तारणाची किंमत वाढे, त्यावर अधिक कर्ज मिळे, आणि त्या कर्जातून पुन्हा शेअर खरेदी होऊन भाव आणखी चढे. ज्याला लोक जमीन समजत होते ती एकमेकांच्या खांद्यांवर उभ्या असलेल्या माणसांची उतरंड होती. 9 एप्रिल 1865 रोजी दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण गेला, युद्ध संपल्याची वार्ता मुंबईस पोहोचली, कापूस कोसळला, आणि 1 जुलै रोजी वायद्यांचा हिशेब चुकता करण्याची मुदत येऊन ठेपली. प्रत्येकाला विकायचे होते, आणि प्रत्येकाच्या विक्रीने शेजाऱ्याचे तारण खचत होते. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर 2,850 रुपयांपर्यंत चढला होता, त्याला पुढे 87 रुपयेच येऊ लागले, आणि 1868 साली बँकच मोडीत निघाली. अडीच हजाराला आधार आहे, दोन हजाराला आहे, हजाराला तरी असेलच, असे म्हणत किती जणांनी वाटेत हात पोळून घेतले असतील, याची कैफियत कोणी लिहून ठेवली असती तर ती फार वाचनीय झाली असती.

अशी खबर, की जी वस्तूचेच मोल बदलून टाकते, तिच्यापुढे स्मरणाचा आधार टिकत नाही. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम कंप्युटरचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतःच्या पत्राने कबूल केले, की वहीत दाखविलेल्या रोकडीपैकी पाच हजार कोटींहून अधिक रक्कम मुळी अस्तित्वातच नव्हती. आदल्या दिवशी एकशे एकोणऐंशीच्या आसपास असलेला शेअर त्या दिवशी चाळिशीला बंद झाला. मधल्या प्रत्येक आकड्याला कोणी ना कोणी आधार म्हटले असेल. पण ते सारे आकडे खोट्या हिशेबावर विश्वासून घडलेल्या सौद्यांची आठवण होते. 'स्टॉप लॉस' लावलेल्यांचीही सुटका सुखाने झाली नसणार, कारण विकण्याचा हुकूम देता येतो, गिऱ्हाइकाला देता येत नाही.

याच्या उलट प्रकार 2024च्या जूनमध्ये घडला. लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर अंदाजांच्या भरवशावर 3 जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी उसळून 76,468वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष मतमोजणीने ते अंदाज फोल ठरविताच तो 4,389 अंशांनी घसरून 72,079वर आला. आणि 7 जूनला पुन्हा 76,693वर जाऊन बसला. या चार दिवसांत कोणत्याही गिरणीची एक चातीही थांबली नव्हती, कोणाच्या वहीत खोटी रोकड सापडली नव्हती. बदलली होती ती अपेक्षा, आणि तीही पुरती नव्हे. 4 जूनला धास्तीने विकलेला प्रत्येक शेअर कोणी तरी विकत घेतलाच होता, आणि त्या दिवशी विकणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या हाती आलेले मतमोजणीचे आकडे एकच होते.