कलादृष्टी, नागरी जीवनातील

नगरातील नित्य वापराच्या वास्तू, रस्ते, फरशा, कठडे, पाणपोया, पाट्या, अक्षरे इत्यादींमधील कलात्मकता व अभिकल्प जाणीवपूर्वक पाहण्याची दृष्टी. संग्रहालयातील कलाकृती पाहण्यासाठीच मांडलेली असते. नागरी वस्तू मात्र प्रथम वापरासाठी असते. ती रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे सवयीची होते आणि सवयीमुळेच दिसेनाशी होते.

स्वरूप : अभिकल्प म्हणजे उपयोग, सामग्री, तंत्र आणि रूप यांचा मेळ. खिडकीवरील छज्जा ऊन व पाऊस अडवितो. परंतु तो इमारतीच्या कोपऱ्यावरून सलग वळविला, की दर्शनी भागाला आडवी लय लाभते. म्हणून नागरी वस्तू पाहताना ती सुंदर आहे की नाही, एवढाच प्रश्न पुरेसा नसतो. ती कोणासाठी, कशापासून व कोणत्या गरजेतून घडली, तसेच वापराने तिची झीज कोठे झाली, हेही पाहावे लागते.

मुंबईतील उदाहरणे : मुंबईत या विषयाची विपुल साधने आढळतात. सर जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. तेथे १८६५ पासून शिकविणारे लॉकवुड किपलिंग यांनी १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या (आताची महात्मा जोतिबा फुले मंडई) प्रवेशद्वारांवर शेतकरी जीवनाची उत्थित शिल्पे घडविली. भाजी विकत घेणाऱ्याच्या डोक्यावरच ती पिकविणाऱ्याचे शिल्प असावे, ही योजना अर्थपूर्ण आहे. पण नजर वर गेली तरच ती कळते. एफ्. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) सजावटीत या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. तेथील दगडी पाने, फुले व प्राणी यांखालून प्रवाशांचे लोंढे रोज जातात. याच स्टीव्हन्स यांचे पुत्र चार्ल्स यांनी रीगल चित्रपटगृहाचा (१९३३) आराखडा केला. पित्याचे गॉथिक व पुत्राचे आर्ट डेको यांची तुलना केल्यास कोरीव दगडाकडून सलोह काँक्रीटकडे झालेला बदल स्पष्ट होतो. या दोन्ही शैलींतील वास्तुसमूहांचा युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

लहान वस्तूही तितक्याच बोलक्या असतात. मशीद बंदर भागातील केशवजी नाईक कारंजे (१८७६) तहान भागविण्याच्या दानधर्माला शिल्परूप देते. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या भारत फ्लोअरिंग्ज या संस्थेच्या रंगीत सिमेंटच्या फरशांत एकच आकृती चौफेर जुळून मोठा आकृतिबंध सिद्ध होतो.

अक्षरे : देवनागरी अक्षरांतील जाड-बारीक रेषा तिरकस कापलेल्या बोरूच्या टोकातून आल्या. पाटी रंगविणारा कारागीर कुंचला वापरीत असूनही त्याच रेषांचे वळण राखतो. बोरूचे हे वळण जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर मुद्रणालयाने धातूच्या खिळ्यांत, तर र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी संगणकावरील ‘मंगल’ या अक्षरसंचात प्रतिष्ठित केले. फ्लेक्सच्या छापील फलकांमुळे हाताने रंगविलेल्या पाट्या झपाट्याने कमी झाल्या आहेत.

महत्त्व : मुंबईत १९९५ मध्ये वारसा-जतनाचे नियम लागू झाले. सूचीबद्ध वास्तूंना त्यांमुळे संरक्षण मिळते. पाटी, फरशी, जिन्याचा कठडा यांना ते क्वचितच लाभते. पुनर्विकासात अशा वस्तू मोडीत निघतात व त्यांची नोंदही राहत नाही. त्यांचे रक्षण अखेर पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. कारण जे कोणी पाहिलेच नाही, ते गेल्याचे कोणाला जाणवतही नाही. छायाचित्र काढणे, रेखाटन करणे, कारागिराकडून त्याची पद्धत समजून घेणे हे जतनाचे सोपे उपाय होत.

ही दृष्टी महानगरापुरती मर्यादित नाही. बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड (ता. मोताळा) येथील सोळाव्या शतकातील दगडी मशीद असो वा तेथील एखाद्या घराची चौकट, निरखून पाहणाऱ्यास तेथेही हात, हत्यार व सामग्री यांचा संवाद उमगतो. परिचित वस्तूकडे प्रथमच पाहिल्यासारखे पाहणे, हा कलाशिक्षणाचा आरंभ होय. त्यासाठी प्रवेशमूल्य लागत नाही.