सोळाशे मीटर आणि टाचेमागची शीर

पोलीस भरतीच्या ग्राउंडला मुलांना 1600 मीटर पळावं लागतं. 5 मिनिटं 10 सेकंदांत ते पुरं केलं, तर मैदानी चाचणीच्या 50 पैकी 20 गुण हातात पडतात. मुलींना हेच गुण 800 मीटरवर मिळतात. धुळ्याला राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 6 आहे, आणि त्या बलाच्या भरतीत तर मुलांना 5 किलोमीटर पळावं लागतं. जळगाव-धुळ्याच्या गावांमधून पहाटे डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या पोरांचं घड्याळ याच आकड्यांवर लावलेलं असतं. जाहिरात निघाली की सराव एकदम दुप्पट-तिप्पट होतो आणि मग कोणाची टाच धरते, कोणाची पोटरी भरून येते. ऐन परीक्षेच्या तोंडावर लंगडणारा मुलगा आळशी नसतो. बहुतेक वेळा त्यानं घाई केलेली असते.

दुखते ती टाचेच्या वरची जाड शीर, म्हणजे अ‍ॅकिलीस. पोटरीचे स्नायू तिच्याच आधारानं टाचेच्या हाडाला बांधलेले असतात. शरीरातली ही सर्वांत जाड आणि मजबूत कंडरा आहे, आणि तसं असण्याची गरजही आहे. मिनिटाला 180 पावलं धरली तर 5 मिनिटं 10 सेकंदांत सुमारे 930 पावलं पडतात. म्हणजे एका पायावर 465 वेळा सगळं शरीर येऊन आदळतं. फिनलंडच्या पाव्हो कोमी यांनी कंडरेभोवती शस्त्रक्रियेनं छोटं बल-मापक बसवून हा ताण प्रत्यक्ष मोजला. सेकंदाला 6 मीटर वेगानं, म्हणजे भरतीच्या 1600 मीटरपेक्षा थोडं जोरात पळताना तो जवळपास 9000 न्यूटन भरला. धावणाऱ्याच्या वजनाच्या साडेबारा पट!

एवढा ताण ती नुसता सोसत नाही, वापरते. पाय टेकला की ती स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि पाय उचलताना साठवलेली ऊर्जा परत देते. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये याचा हिशेब मांडला. 70 किलोचा माणूस सेकंदाला 4.5 मीटर वेगानं पळत असेल, तर प्रत्येक पावलाला शरीराची सुमारे 100 ज्यूल ऊर्जा खर्ची पडून पुन्हा उभी राहते. त्यातली 35 ज्यूल एकटी अ‍ॅकिलीस सांभाळते आणि 17 ज्यूल तळपायाची कमान. तेवढं काम स्नायूंना करावं लागत नाही, म्हणून तर माणूस लांब पळू शकतो.

ही शीर बनते कधी, याचं उत्तर फार अनपेक्षित ठिकाणाहून मिळालं. 1955 ते 1963 या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 वाढला होता, आणि त्या काळात घडलेल्या आणि पुढे न बदललेल्या ऊतींत त्याची खूण उरली. कोपनहेगनच्या काट्या हाइनेमायर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये कंडरेतली ही खूण तपासली. तिचा गाभा साधारण वयाच्या पहिल्या 17 वर्षांत तयार होतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही, असं त्यांना आढळलं. भरतीला वय लागतं किमान 18! ज्या दोरावर मुलगा ग्राउंड मारणार, तो दोर शाळेच्या वयातच वळून झालेला असतो. पुढे सरावानं त्याचा ताठपणा वाढवता येतो, पण त्यासाठी महिने द्यावे लागतात. स्नायूंचा जोर मात्र काही आठवड्यांतच जाणवू लागतो. छाती आणि मांड्या तयार झाल्या म्हणून मुलगा वेग वाढवतो आणि टाचेमागची शीर मागे राहते. माझ्या मते भरतीच्या दुखापतींचं मूळ या तफावतीत आहे. जाहिरात कधी निघेल हे कोणाच्या हाती नसतं. म्हणून थोडं का होईना, पळणं वर्षभर चालू हवं.

ऋतूचाही यात हात आहे. इस्रायलमध्ये 1405 नवशिक्या पायदळ सैनिकांचा अभ्यास झाला. हिवाळ्यात प्रशिक्षण घेणाऱ्यांपैकी 9.4 टक्क्यांना अ‍ॅकिलीसचा त्रास झाला, तर उन्हाळ्यात फक्त 3.2 टक्क्यांना. धुळ्यात थंडी कशी पडते हे धुळेकरांना सांगायला नको. डिसेंबरच्या पहाटे उठल्याउठल्या जोरात पळत सुटण्यापेक्षा आधी दहा मिनिटं चालणं आणि हळू पळणं बरं. बूट सोडून अनवाणी किंवा स्पाइक्सवर एकदम जाणंही टाळावं. टाच उंच राहत नाही, पाऊल चवड्यावर पडतं आणि पोटरीवरचा भार वाढतो. अनवाणी पळणं वाईट नाही, मात्र त्याची सवयही आठवड्याला थोडी-थोडीच वाढवावी लागते.

दुखू लागल्यावर बहुतेक जण पूर्ण विश्रांती घेतात. दुखणं थांबतं आणि पळायला लागताच परत येतं, कारण विश्रांतीनं कंडरा मजबूत होत नाही. स्वीडनमधल्या उमेओच्या हॉकान आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये उलटा रस्ता दाखवला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर यायचं आणि दुखऱ्या पायावर भार देऊन टाच हळूहळू पायरीखाली उतरवायची. 15-15 चे तीन संच गुडघा सरळ ठेवून आणि तितकेच थोडा वाकवून, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. सोपं वाटू लागलं की पाठीवर वजन घ्यायचं. त्यांचे 15 धावपटू 12 आठवड्यांनी पुन्हा पळू लागले. घराच्या ओट्याची पायरी आणि दप्तरात भरलेली भरतीची पुस्तकं एवढ्यावर हा उपचार होतो. दुखणं अगदी टाचेच्या हाडावर असेल, तर मात्र टाच पायरीखाली न उतरवता सपाट जमिनीपर्यंतच आणावी.

पळणं पूर्ण बंद करावं लागतंच असंही नाही. गोथेनबर्गच्या कारिन सिल्बर्नागेल यांच्या 2007 च्या अभ्यासात दहापैकी पाचपर्यंतच्या दुखण्यात सराव चालू ठेवणाऱ्यांचं नुकसान झालं नाही. अट एवढीच, की दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुखणं शमलेलं असावं आणि आठवड्यागणिक वाढत जाऊ नये.

भीती वाटते ती झटपट उपायांची. कंडरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं की दुखणं दबतं, पण ती तुटण्याचा धोका वाढतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक्समुळेही कंडरा सुजू किंवा तुटू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकानं 2008 मध्ये त्यांच्या माहितीपत्रकात तसा ठळक इशारा सक्तीचा केला. ग्राउंडच्या आसपास जुलाब किंवा ताप आला, तर आपण पळतो हे डॉक्टरांना आधी सांगावं आणि दुसरं औषध चालेल का ते विचारावं.

पळताना मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटलं, फटकन आवाज आला आणि चवड्यावर उभंच राहता येईना, तर ती मुरगळ समजून तेल चोळत बसू नये. पालथं झोपवून पोटरी दाबली आणि पाऊल हललं नाही, तर शीर तुटल्याची दाट शक्यता असते. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं. शस्त्रक्रिया करायची की पाऊल खाली झुकवून प्लास्टर घालायचं, हे ते ठरवतील. वेळेत गेलं तर दोन्हींनी पाय चांगला बरा होतो.