भेदभावाचे मोजमाप : डॉ. सुखदेव थोरात यांचे अर्थशास्त्र

बाजारपेठ जात पाहत नाही. दलितांच्या बेरोजगारीचे मूळ शिक्षणाच्या अभावात आहे, असा युक्तिवाद उदारीकरणानंतर वारंवार करण्यात आला. या युक्तिवादाची प्रत्यक्ष कसोटी घेणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांत डॉ. सुखदेव थोरात यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. अमरावती जिल्ह्यातील महिमापूर येथे १९४९ मध्ये जन्मलेल्या थोरात यांनी डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९५७ मध्ये वंशभेदाचे आर्थिक विश्लेषण मांडले. भेदभाव करणाऱ्या मालकालाही त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून स्पर्धेत तो टिकणे कठीण, असे त्यातून सूचित होते. थोरात यांना हे पुरेसे वाटले नाही. जात ही मालकाची वैयक्तिक आवड नसून जन्मावरून व्यवसाय व हक्क ठरविणारी व्यवस्था होय, ही आंबेडकरांची भूमिका त्यांनी पुढे नेली.

पॉल अ‍ॅट्यूवेल यांच्यासमवेत त्यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविण्यात आले. समान पात्रतेच्या अर्जांत फरक केवळ नावाचा होता : उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम. (महाराष्ट्रात आडनाव का विचारले जाते, हे वाचकांस सांगणे नको.) उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत अनुकूल प्रतिसादाचे संभाव्यता-गुणोत्तर दलित नावासाठी ०.६७, तर मुस्लिम नावासाठी ०.३३ आढळले. पात्रता समान ठेवल्यामुळे शिक्षणाच्या अभावाची सबब येथे उरत नाही. या पद्धतीचे खरे सामर्थ्य यातच आहे. अमेरिकेत बर्ट्रांड व मुल्लईनाथन यांनी २००४ मध्ये कृष्णवर्णीय नावांबाबत असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता.

थोरात २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. याच काळात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील जातिभेदाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली.

संविधानाच्या अनुच्छेद १६(४) मधील आरक्षण राज्यसंस्थेच्या सेवांपुरते आहे. बंगळूरुच्या कोरमंगलासारख्या भागांत वाढलेले खासगी नवउद्योग त्याच्या कक्षेबाहेर राहतात. सोलापूर वा नांदेडहून तेथे जाणाऱ्या तरुणाला मुलाखतीनंतर भाड्याचे घरही शोधावे लागते. थोरात व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याच प्रश्नावर होता. तो दिल्ली परिसराचा असल्याने त्याचे आकडे बंगळूरुस जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे. मात्र तेथे दलित व मुस्लिम भाडेकरूंना काही घरमालकांनी थेट नकार दिला, तर काहींनी अधिक भाडे वा जादा अटी पुढे केल्या.