वधूनें मांडवीं कसें जावें ?

तुळशीचीं लग्नें लागलीं कीं आमच्याकडे लग्नसराई सुरू होते आणि कापडाची, सोन्याची व किराण्याची पेठ एकदम गजबजून जाते. या दिवसांत घरोघर जे वाद होतात त्यांपैकीं एकाकडे आम्ही आज वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. मंगल कार्यालय घरापासून चारपांचशें पावलांवर आहे. तेथवर नवरी मुलीनें कसें जावें? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु त्याचें उत्तर कोण देतें आणि कोणाच्या अब्रूसाठीं देतें, हें पाहूं लागलें म्हणजे समाजाची नाडीच हातास लागते.

हा प्रश्न आमच्या आज्यापणज्यांस पडत नसे. मांडव वधूच्या दारीं पडे. जानवशाहून येई तो वर. वधू घरांतच गौरीहर पूजीत बसे, आणि मुहूर्त आला म्हणजे मामा तिला बोहल्यावर आणी. वाहनांत बसण्याचा प्रसंग तिला मागाहून, वरातीच्या वेळीं, वराच्या शेजारीं येई. मामानें भाचीस उचलून आणावें ही चाल बालविवाहाच्या काळांत स्वाभाविकच होती. आठदहा वर्षांचें पोर तें! सन १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीचें विवाहाचें वय चौदा ठरविलें. सन १९७८ त तें अठरा झालें. आज बोहल्यावर येणारी मुलगी कायद्यानें सज्ञान असते. पुष्कळदां शिकलेली व मिळवतीहि असते. तरीहि तिच्या जाण्याचा बेत ठरवितांना ती अजून मामाच्या कडेवरच आहे अशा थाटानें वडीलमंडळी, व्याही आणि फोटोवाले बोलत असतात. खुद्द तिला विचारावें हें क्वचितच कोणास सुचतें.

आतां एकेका साधनाचा विचार करूं. पालखी व मेणा डोळ्यांस सुंदर दिसतात यांत संशय नाहीं. परंतु देवाच्या पालखीस भक्तीनें खांदा देणें निराळें, आणि धडधाकट माणसानें मजुरीच्या खांद्यावर बसून मिरवणें निराळें. घोड्याच्या बगीविषयीं बोलावयाचें तर, बँडच्या गोंगाटांत आणि डांबरी रस्त्यावर त्या मुक्या जनावराचे हाल होतात. मुंबईंत मौजेसाठीं चालणाऱ्या घोडागाड्या उच्च न्यायालयानें सन २०१५ त बेकायदेशीर ठरविल्या, हें येथें स्मरावें. अलीकडे कांहीं मुली वराप्रमाणें घोड्यावर बसून येतात. त्यांतील बरोबरीची भावना आम्हांस मान्य आहे. मात्र वराच्या डौलाचें अनुकरण करण्यापेक्षां वरानेंहि घोड्यावरून उतरून तिच्याबरोबर पायीं चालावें, ही बरोबरी अधिक खरी.

राहिली मोटार. अंतर लांब असेल, ऊन कडक असेल, वधूची प्रकृति बरी नसेल, तर मोटार किंवा रिक्षा यांसारखी सोय नाहीं, आणि सोयीस आमचा मुळींच विरोध नाहीं. परंतु सोय संपून तमाशा केव्हां सुरू होतो हेंहि ओळखलें पाहिजे. सन २०२१ च्या जुलैंत पुण्याजवळील दिवे घाटांत एक वधू चालत्या मोटारीच्या बॉनेटवर बसून विवाहस्थळीं निघाली, आणि लग्नाच्या दिवशींच पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२३ वें कलम टपावर वा बॉनेटवर बसून प्रवास करण्यास मनाई करतें. एका चित्रासाठीं जीव धोक्यांत घालावा इतकें तें चित्र मोलाचें नाहीं.

वाहन म्हणजे मान, ही समजूत या सर्वांच्या मुळाशीं आहे, आणि ती निरुपद्रवी नाहीं. गढवालांत अस्पृश्य गणलेल्या शिल्पकार जातींच्या वधूवरांस डोला-पालखींत बसूं दिलें जात नसे. जयानंद भारती यांनीं त्याविरुद्ध दीर्घ चळवळ केली. सन १९४१ त याच प्रश्नावरून गांधीजींनीं गढवालांतील वैयक्तिक सत्याग्रह थांबविला. पुढें स्वराज्य आल्यावरहि, सन १९८० च्या मे महिन्यांत, कुमाऊंतील कफल्टा गांवीं वरानें पालखींतून उतरावें या हट्टावरून तंटा पेटला आणि चौदा दलितांची हत्या झाली. ज्यांस पिढ्यान् पिढ्या वाहनावरून उतरविलें गेलें ते आज हक्कानें त्यावर बसत असतील, तर त्यांस साधेपणाचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आमचें सांगणें, ज्यांस कोणीं कधीं अडविलें नाहीं आणि जे केवळ शेजाऱ्यावर ताण करण्यासाठीं कर्ज काढतात, त्यांस आहे.

व्यापारी गृहस्थांस हिशेबाची भाषा लवकर पटते. खर्चाच्या बाजूस बगीचें भाडें, फुलांची सजावट, बँड आणि रस्ता तुंबल्यामुळें पेठेचा खोळंबा. जमेच्या बाजूस घटकाभराची वाहवा. शिवाय हा खर्च एका घरांत थांबत नाहीं. मालकाच्या घरची बगी पाहून दुकानांतला कारकून पगारावर उचल घेतो, आणि त्याचें पाहून हमाल सावकाराचें दार ठोठावतो. म्हणून साधेपणाचा आरंभ मालकाच्याच घरून झाला पाहिजे. गरिबाची मुलगी पायीं गेली तर लोक तिला गरीब म्हणतात; सधनाची गेली तर तिला साधी म्हणतात, आणि मग गरिबाच्या मुलीसहि तीच वाट मोकळी होते.

“लोक काय म्हणतील ?” असें कोणी विचारतील. लोक दोन दिवस बोलतील. कर्जाचे हप्ते वर्षानुवर्षें बोलतात. ऊन चढण्यापूर्वीं सामान पुढें पाठवावें, वधूनें आईबरोबर व मैत्रिणींबरोबर छत्रीच्या सावलींत ओळखीच्या रस्त्यानें चालत जावें, आणि दुकानाच्या पायरीवरून पेठकऱ्यांनीं तिला आशीर्वाद द्यावा, यांत उणें काय आहे ?

तथापि पायीं जाण्याचीहि सक्ति नको; सक्तीची सुधारणा ही सुधारणाच नव्हे. आमची सूचना इतकीच आहे कीं, याद्या करण्याच्या बैठकींत मानपानाच्या आधीं हा प्रश्न मुलीस विचारावा, खर्चाचा आंकडा तिच्यापुढें मांडावा, आणि ती सांगेल तें उत्तर शेवटचें मानावें. जन्माचा जोडीदार पतकरण्याची जबाबदारी जिच्यावर आपण टाकतों, तिला चारपांचशें पावलांचा निर्णय करतां येणार नाहीं काय ?