एका मोटारीचा लौकिक

सांगोल्याचा जनावरांचा बाजार आपल्या भागात सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथे खिलार खोंड विकत घेणारा शेतकरी प्रथम काय पाहतो? तो दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून चाल पाहतो आणि मग हळूच विचारतो, "कुणाच्या दावणीचा?" जनावर डोळ्यांपुढे उभे असतानाही हा प्रश्न विचारावा लागतो, कारण उद्या ते नांगराला कसे चालेल, हे आज दिसत नाही. जे आज दिसत नाही त्याची हमी दावणीचे नाव देते. यालाच आपण लौकिक म्हणतो.

यंत्राचेही असेच आहे. आज ज्या नावाचा इतिहास सांगावयाचा आहे ते नाव म्हणजे जर्मनीची मर्सिडीज-बेंझ मोटार. "ही तर बड्या लोकांची गाडी. तिच्याशी आमचा काय संबंध?" असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो बराच जुना आहे. या गाडीवरचा तीन टोकांचा तारा खेड्यापाड्यांतील माणसाने प्रथम पाहिला तो धनिकाच्या मोटारीवर नव्हे, तर मालमोटारीवर. शिवाय आज ही मोटार आपल्याच पुणे जिल्ह्यात, चाकणला जुळविली जाते. तेव्हा हे नाव कसे झाले, त्याला डाग कोठे लागला आणि त्यापासून आपण काय घेतले, हे नीट समजून घ्यावे.

गोष्ट सुरू होते गेल्याच्या मागल्या शतकात. तेव्हा यंत्र म्हणजे वाफेचे यंत्र. त्यात जाळ बाहेर, पाणी वेगळे, वाफ वेगळी. त्यामुळे ते अवजड. रुळांवर आगगाडी ओढायला ते उत्तम, पण साध्या रस्त्यावरच्या गाडीला झेपणारे नव्हे. १८७६ साली निकोलाउस ऑटो या जर्मन गृहस्थाने असे इंजिन चालवून दाखविले की ज्यात जाळ सिलिंडरच्या पोटातच होतो. हवा आणि इंधन आत ओढायचे, दाबायचे, पेटवायचे आणि धूर बाहेर टाकायचा, असे त्याचे चार फेरे. आपल्या विहिरींवर जी इंजिने धडधडत असत, त्यांचे हे मूळ.

हे इंजिन लहान करून गाडीवर बसविण्याचा ध्यास दोन माणसांनी घेतला. एक कार्ल बेंझ आणि दुसरा गॉटलिब डाइम्लर. बेंझचा बाप आगगाडीच्या इंजिनावर कामाला होता. मुलगा लहान असतानाच तो वारला आणि आईने मोठ्या कष्टाने मुलाला शिकविले. डाइम्लर हा एका पाववाल्याचा मुलगा. बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या पेटंटचा क्रमांक ३७४३५. इंजिनाला एकच सिलिंडर, शक्ती एका अश्वशक्तीपेक्षाही कमी आणि वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर, म्हणजे चांगल्या सायकलस्वाराएवढा! त्याच वर्षी डाइम्लर आणि त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख यांनी चारचाकी गाडीवर आपले इंजिन बसविले. बेंझ मानहाइम गावी, डाइम्लर कानश्टाट गावी. दोघेही आपापल्या वाटेने एकाच ठिकाणी पोचले.

पण पेटंट मिळाले म्हणून लौकिक मिळत नाही. लोक त्या फटफटणाऱ्या गाडीकडे तमाशा म्हणून पाहत. विकत कोण घेणार? येथे बेंझच्या पत्नीचे, बेर्टाबाईचे, नाव आदराने घ्यावे लागते. लग्नापूर्वीच तिने आपल्या वाट्याचा पैसा माहेराहून घेऊन कार्लच्या बुडत्या कारखान्यात घातला होता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये, नवऱ्याला न सांगता, आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन तिने मानहाइमहून माहेरच्या फोर्ट्‌सहाइम गावापर्यंत ती गाडी नेली. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे वर. सांगोल्याहून मंगळवेढ्यामार्गे सोलापूर गाठावे आणि त्याच्याही पुढे जावे, एवढे! पेट्रोल पंप तर जगातच नव्हता. वीस्लोख गावच्या औषधांच्या दुकानातून तिने लिग्रोइन नावाचे, डाग काढायला वापरतात ते द्रव इंधन म्हणून घेतले. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. उतारावर ब्रेकचे ठोकळे झिजले, तर एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. परत आल्यावर नवऱ्याला तिने सांगितले की चढासाठी आणखी एक गिअर हवा, आणि तो पुढे बसविण्यात आला. पेटंटावर या बाईचे नाव नाही. पण गाडी खरोखर रस्त्यावर चालते, ही साक्ष तिने दिली. लौकिकाची पहिली वीट ही अशी बसली.

आता 'मर्सिडीज' हे नाव कोठून आले ते पाहू. एमिल येलिनेक नावाचा एक धनाढ्य व्यापारी फ्रान्समधील नीस शहरी राहत असे. तो डाइम्लरच्या गाड्या विकी आणि शर्यतींत पळवी. १९०० साली त्याने डाइम्लर कारखान्याकडे ३६ गाड्यांची मागणी नोंदविली. किंमत साडेपाच लाख मार्क! अट एवढीच की गाडी नवी, बुटकी, रुंद आणि वेगवान असावी व तिला आपल्या मुलीचे, मर्सिडीजचे, नाव द्यावे. त्याच वर्षी डाइम्लर वारला होता. गाडी मायबाखने घडविली. ३५ अश्वशक्तीच्या या गाडीने १९०१ साली नीसच्या शर्यती गाजविल्या. त्यापूर्वीच्या मोटारी म्हणजे घोडा सोडलेली बग्गी. ही मात्र खऱ्या अर्थाने मोटार दिसू लागली. १९०२ साली हे नाव रीतसर नोंदविले गेले आणि १९०९ साली तीन टोकांचा तारा. जमीन, पाणी आणि आकाश या तिन्ही ठिकाणी आपले इंजिन चालावे, असा त्या टोकांचा अर्थ सांगतात. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत पैशाला किंमत उरली नाही, तेव्हा बेंझ आणि डाइम्लर हे प्रतिस्पर्धी कारखाने १९२६ साली एक झाले. तारा डाइम्लरचा आणि त्याभोवतीची पानांची माळ बेंझची, अशी खूण तयार झाली.

या कारखान्याचे आणखी एक काम आपल्या जवळचे आहे, ते डिझेलचे. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक प्रयोग अवश्य करावा. सायकलचा पंप घ्यावा, तोंड बोटाने दाबून धरावे आणि जोराने दांडा मारावा. पंपाचे टोक गरम लागते. हवा दाबली की तापते, एवढेच ते तत्त्व. रुडॉल्फ डिझेल याने ते पकडले. हवा इतकी दाबायची की तिच्यात तेल फवारताच ते आपोआप पेटावे. ठिणगी लागतच नाही. त्याचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले. पण ते अवजड, कारखान्यात बसवायचे. बेंझच्या कारखान्याने १९२३ साली ते मालमोटारीवर चढविले आणि १९३६ साली '२६० डी' ही डिझेलवर चालणारी प्रवासी मोटार विक्रीस आणली. कमी तेलात जास्त वाट चालणारी म्हणून टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली. श्रीमंतांच्या गाडीचा टिकाऊपणा सिद्ध केला तो अशा रात्रंदिवस राबणाऱ्या टॅक्सीवाल्यांनी, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

परंतु लौकिकाची केवळ उजळ बाजू सांगून थांबणे म्हणजे अर्धा हिशेब देणे होय. १९३३ नंतर जर्मनीत हिटलरची सत्ता आली. या कारखान्याच्या मोठमोठ्या गाड्यांतून तो मिरवू लागला. युद्धकाळात कारखान्यात विमानांची इंजिने आणि लष्करी गाड्या होऊ लागल्या. १९४४ साली कारखान्यात ६३,६१० माणसे कामाला होती. त्यांपैकी जवळजवळ निम्मी जबरदस्तीने आणलेले परदेशी मजूर, युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदी होते. आणि दैवाचा खेळ बघा! येलिनेकचा बाप व्हिएन्नातील ज्यू धर्मगुरू होता. म्हणजे ज्या समाजाचा नायनाट करण्यास हिटलर निघाला, त्या समाजातील धर्मगुरूच्या नातीचे नाव घेऊन त्याची गाडी धावत होती. पुढे १९८० च्या दशकात कंपनीने हा इतिहास संशोधकांपुढे उघडा केला आणि १९८८ साली दोन कोटी मार्क भरपाईपोटी दिले. झाल्या दुःखाला ती भरपाई कशी पुरणार? पण डाग झाकण्यापेक्षा तो दाखविणे बरे, एवढे तरी त्यातून घडले.

डाग पुन्हा लागू शकतो, हेही खरे. डिझेल गाड्यांच्या धुराच्या प्रकरणात, देखरेखीत हयगय केली म्हणून जर्मनीतच या कंपनीस २०१९ साली ८७ कोटी युरो दंड झाला. सव्वाशे वर्षांचे नाव असले तरी रोजचा हिशेब चुकत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. स्वातंत्र्यानंतर माल वाहणार कशाने, हा मोठा प्रश्न होता. टाटांच्या टेल्को या कंपनीने १९५४ साली डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला मालमोटारी तयार होऊ लागल्या. करार पंधरा वर्षांचा होता. त्या काळात 'टाटा-मर्सिडीज' हा शब्द रस्त्यारस्त्यावर झाला. १९६९ साली करार संपला. गाडीवरचा तारा गेला आणि तेथे टाटांचे 'टी' अक्षर आले. गाडी मात्र थांबली नाही. याचे कारण या पंधरा वर्षांत आपल्या लोकांनी नुसते सुटे भाग जोडले नव्हते, तर ते घडविण्याची विद्या घेतली होती. या कामाचे धुरीण सुमंत मुळगावकर. १९०६ साली मुंबईत जन्मलेला, लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिकलेला हा अभियंता. १९६६ साली पुण्यात टेल्कोच्या कामाची उभारणी सुरू झाली, ती त्यांच्याच दृष्टीने. उमेदवार मुलांना हाताने काम शिकविणे आणि कारखान्याला लागणारी यंत्रे व साचे स्वतःच करणे, यावर त्यांचा भर होता. १९७७ साली पुण्यातून पहिली मालमोटार बाहेर पडली आणि १९८६ साली 'चारशेसात' आली. डाळिंबाच्या क्रेटपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत या चारशेसातने काय वाहिले नाही, ते सांगोलेकरांना वेगळे सांगावयास नको. ती आपल्याच अभियंत्यांनी आखली होती.

मर्सिडीजची प्रवासी मोटार मात्र फार उशिरा आली. १९९४ साली पुण्यात मर्सिडीज-बेंझ इंडिया ही कंपनी टाटांच्या भागीदारीत निघाली आणि १९९५ पासून पिंपरीला गाड्या जुळू लागल्या. त्याच वर्षी युरोपात त्या वर्गाची नवी गाडी आली होती. येथे आली ती जुन्या घडणीची. नुसत्या ताऱ्यावर गिऱ्हाईक भुलले नाही. नंतर नव्या घडणीच्या गाड्या आल्या, भागीदारी संपली, आणि २००९ साली चाकणला कंपनीचा स्वतःचा कारखाना सुरू झाला. २०२२ पासून विजेवर चालणारी गाडीही तेथे जुळविली जाते.

ही गाडी विकत घेणे आपल्यापैकी फारच थोड्यांना जमेल. पण तिच्यातील काही विद्या आपल्या साध्या गाडीपर्यंत पोचली आहे. पूर्वी समजूत अशी, की गाडी जितकी कडक तितकी सुरक्षित. बेला बारेन्यी या तिथल्या अभियंत्याने हे उलटे करून दाखविले. उंचावरून फरशीवर उडी मारली तर हाड मोडते. कडब्याच्या ढिगावर मारली तर मोडत नाही, कारण कडबा दबतो आणि धक्का हळूहळू जिरतो. तसेच गाडीचे पुढचे व मागचे अंग दबावे आणि माणसांचा मधला पिंजरा मात्र टणक राहावा, ही त्याची युक्ती. १९५९ साली ती गाडीत आली. चाक जाम होऊन घसरू नये म्हणून ब्रेक आपोआप सोडून-धरून लावणारी योजना बॉश कंपनीच्या साह्याने १९७८ साली आली आणि चालकापुढे फुगणारी हवेची पिशवी १९८१ साली. आपल्याकडे नव्या मोटारींना या दोन्ही गोष्टी २०१९ साली सक्तीच्या झाल्या. म्हणजे श्रीमंताच्या गाडीत आलेली विद्या सर्वांपर्यंत पोचावयास चार दशके लागली. तेव्हा जे मिळाले आहे ते तरी वापरावे. पट्टा न बांधता हवेच्या पिशवीवर विसंबणे धोक्याचे आहे, हे घरातल्या तरुण चालकास जरूर सांगावे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांसाठी. आपल्या तालुक्यातील पुष्कळ मुले पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत कामास जातात. दारावरच्या ताऱ्याचा त्यांना अभिमान वाटतो, आणि वाटावा. पण तारा कंपनीचा असतो. हातातली विद्या तेवढी आपली. १९६९ साली तारा गेला तेव्हा ज्यांच्या हाती विद्या होती त्यांचे काहीच गेले नाही. मुलगा सुट्टीला गावी आला की पगार किती, हे सर्वच विचारतात. यंत्र बिघडले तर तुला दुरुस्त करता येते का, नसल्यास कोणाकडून शिकतो आहेस, हेही कोणीतरी विचारावयास हवे. ते काम आपले आहे.