जैसलमेरचा किल्ला आणि पाण्याची ओल

धान्याच्या व्यापाऱ्याचा पहिला वैरी कोण, असे कोणी विचारल्यास आमचे उत्तर एकच : ओल. उंदीर दिसतो, किडा चाळून काढता येतो. परंतु पोत्यात शिरलेली ओल आत हात घालीपर्यंत कळत नाही. २००६ च्या ऑगस्टात तापीचे पाणी सुरतेत शिरले, तेव्हा आमच्या वखारीतील खालच्या थराची पोती भिजली. परंतु वरची कोरडी दिसणारी पोतीही आठवड्याभरात आतून तापली. हा अनुभव गाठीशी असल्यामुळे जैसलमेरच्या यात्रेत जी गोष्ट विशेष ध्यानात आली, ती व्यापारीबंधूंपुढे ठेवीत आहे.

रावळ जैसल या भाटी राजाने ११५६ साली त्रिकूट टेकडीवर हे नगर वसविले. टेकडी सुमारे अडीचशे फूट उंच, तट पिवळ्या वालुकाश्माचा व त्यास नव्याण्णव बुरूज. आपल्याकडचे बहुतेक किल्ले ओस पडले आहेत. हा मात्र नांदता असून आजही काही हजार माणसे आत राहतात. भोवती वाळवंट असताना येथे संपत्ती आली ती उंटांच्या तांड्यांमुळे. हिंदुस्थानचा माल या वाटेने सिंधकडे व पुढे मध्य आशियाकडे जाई. गावातील पटव्यांच्या हवेल्या पाहाव्यात. गुमानचंद पटवा यांनी १८०५ च्या सुमारास त्यांचे काम आरंभिले. पाच पुत्रांसाठी पाच हवेल्या! हे घराणे जरतारीच्या व्यापारातले, त्यामुळे सुरतेच्या माणसास ते घरचेच वाटते. दुसरेही एक साम्य आहे. मुंबई बंदराने सुरतेचा व्यापार ओढून नेला, तसाच जैसलमेरचाही नेला. आणि १९४७ साली सरहद्द आड येताच सिंधची वाट मिटली.

किल्ल्यातील जिनमंदिरे पंधराव्या-सोळाव्या शतकांतील. त्यांपैकी संभवनाथांच्या मंदिराखाली श्रीजिनभद्रसूरींचा ज्ञानभांडार आहे. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या ताडपत्री पोथ्या तेथे टिकल्या. मुनिश्री पुण्यविजयजींनी १९५० च्या सुमारास तेथे दीर्घकाळ राहून त्यांची व्यवस्था लावली व सूची सिद्ध केली. श्रावकांच्या दक्षतेइतकेच श्रेय तेथील कोरड्या हवेस द्यावे लागेल. आमच्या सुरतेत ताडपत्राची काय गत झाली असती, हे सांगावयास नको.

आणि नेमक्या याच किल्ल्यास आज ओलीचे भय आहे. पूर्वी पाणी खाली गडीसर तलावातून डोक्यावरून वर येई; जे इतक्या कष्टाने चढवावयाचे ते सांडणार कोण? घरे, माळवदे, मोऱ्या सर्व त्या अल्प पाण्याच्या हिशेबाने बांधलेली. पुढे नळ आले, स्नानगृहे आली, प्रवाशांसाठी खोल्या झाल्या, आणि पाण्याचा वापर कितीतरी पटींनी वाढला. टेकडीच्या पोटात ठिसूळ खडक व चिकणमातीचे थर आहेत. झिरपलेल्या पाण्याने माती फुगते, पाया सरकतो, तट पोट काढू लागतो. काही बुरूज व भिंती ढासळल्याही. ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ या संस्थेने १९९६ साली हा किल्ला संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत घातला. २०१३ साली राजस्थानच्या आणखी पाच किल्ल्यांसह तो युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. मोऱ्या नव्याने घालण्याचे कामही झाले आहे. तथापि नळ उघडा सोडणाऱ्या प्रवाशापुढे नवी मोरी ती किती पुरणार? आम्ही गडावर न उतरता खाली गावात उतरलो. सकाळी चढून दर्शन घेतले व दुपारी खाली आलो. गुडघ्यांची तक्रार झाली, ती सोसली.

पाणी तेथे शत्रूच मानतात असे मात्र समजू नये. पालीवाल ब्राह्मणांनी शेकडो वर्षांपूर्वी तेथे खडीन नावाची युक्ती योजिली. खडकाळ उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी खालच्या सखल जागी मातीच्या बांधाने अडवावयाचे, ते जमिनीत मुरू द्यावयाचे, आणि मग त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यावयाचा. वर्षाला जेमतेम सहा-आठ इंच पाऊस पडणाऱ्या मुलखात गहू! आमचा विश्वास बसेना, म्हणून एका खडिनावर जाऊन शेतकऱ्याकडून मूठभर गहू मागून घेतला. दाणा लहान, परंतु दाताखाली कडकन फुटला.