अंग उघडं, लाज कुणाची?

आजचा विषय आहे सार्वजनिक ठिकाणची नग्नता आणि तिच्याकडे बघण्याच्या समाजाच्या वेगवेगळ्या नजरा. व्याख्यानमालेत हा विषय कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण अंगावर किती कपडा असावा आणि तो कुणी ठरवावा, हा प्रश्न महाडच्या भूमीवर जाहीर सभेत मांडला गेलेला आहे. तिथवर आपण जाणार आहोत. आधी थोडी वाट मोकळी करून घेऊ.

सुरुवात शब्दांपासून करू. उघडा, नागडा, नग्न, दिगंबर, विवस्त्र. हे सगळे शब्द अंगावर कपडा नसण्याचेच, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. लहान पोर नागडं असतं, त्याला कुणी विवस्त्र म्हणत नाही. मुनी दिगंबर असतात, त्यांना नागडे म्हटलं तर भांडण होईल. शेतकरी उघडा असतो. आणि बातमीत ‘विवस्त्र’ शब्द दिसला की काहीतरी अत्याचार झाला, हे आपण पुढे वाचण्याआधीच ओळखतो. शरीर तेच, पण ते कुणाचं, कुठे आणि कुणाच्या मर्जीने उघडं आहे यावर भाषा आधीच निवाडा देऊन टाकते.

आता आपल्या भागातलंच बघा. आषाढात पोलादपूरच्या कुठल्याही वाडीत जा. लावणी चालू असते. चिखलात उतरलेल्या बाईचं लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं असतं, पुरुष लंगोटीवर नाहीतर हल्ली हाफ पँटवर. बांधावरून जाणारा माणूस लावणी किती राहिली विचारतो आणि पुढे जातो. तीच बाई तशाच नेसणीने महाडच्या बाजारपेठेत आली तर लोक वळून बघतील. सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर पुरुष कपडे उतरवून पाण्यात बसतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. समर्थ रामदासांचं कौपीन नेसलेलं चित्र घराघरांत आहे, त्याला आपण हात जोडतो. म्हणजे लाज कातडीत नसते. ती जागेत, कामात, नात्यात आणि सर्वांत जास्त बघणाऱ्याच्या नजरेत असते.

धर्मांनीही याचं एकच उत्तर दिलेलं नाही. महाडजवळ महामार्गालगत गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. तिथे राहिलेल्या भिक्षूंच्या विनयात नग्न राहायला मनाई होती. भिक्षूला तीन चीवरं ठरवून दिलेली होती. त्याच श्रमण परंपरेतून आलेल्या दिगंबर जैन मुनींनी मात्र वस्त्र हाच परिग्रह मानला आणि तो सोडला. विसाव्या शतकात ही मुनिपरंपरा नव्याने उभी करणारे आचार्य शांतिसागर आपल्या सीमाभागातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचे. १९५५ मध्ये कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली. त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात नागा साधू शाहीस्नानाला निघतात तेव्हा पोलीस त्यांना अडवत नाहीत, उलट वाट करून देतात.

पण इथे एक गोष्ट नजरेआड करू नका. दिगंबर परंपरेत स्त्रीला वस्त्रत्याग करता येत नाही, आणि म्हणून स्त्रीजन्मातून थेट मोक्ष नाही, असं मानतात. श्वेतांबरांना हे मान्य नाही. वाद तत्त्वज्ञानाचा आहे, पण त्याच्या तळाशी साधी गोष्ट आहे. पुरुषाचं उघडं शरीर वैराग्याची खूण होऊ शकतं; स्त्रीच्या उघड्या शरीराला ती मुभा नाही.

आता महाडला येऊ. मार्च १९२७ मधला चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. २५ तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं, तेही सर्वांना ठाऊक. २७ तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर खास स्त्रियांसमोर बोलले, ते भाषण मात्र कमी आठवलं जातं. त्यात त्यांनी लुगड्याबद्दल सांगितलं. अस्पृश्य मानलेल्या बायकांचं गुडघ्यापर्यंतचं आखूड नेसणं, गळ्यातल्या माळा, कोपरापर्यंतच्या कथलाच्या नाहीतर चांदीच्या पाटल्या या सगळ्या जातीच्या खुणा आहेत; त्या टाकून द्या, वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं नेसा, त्याला काही जास्तीचे पैसे पडत नाहीत, असा त्याचा आशय होता. बायकांनी ते लगेच मनावर घेतलं आणि लुगडी घोट्यापर्यंत खाली आली.

हे बोलणं वरवर ऐकलं तर कुणी म्हणेल, हा तर अंग झाका असा जुनाच उपदेश झाला. तसं नाही. लावणीच्या शेतात वर खोचलेलं लुगडं आणि जातीमुळे वरच नेसावं लागणारं लुगडं, या दोन गोष्टी वेगळ्या. पहिल्यात बाई कामासाठी आपणहून खोचते आणि काम झालं की सोडते. दुसऱ्यात ते सोडण्याची मुभाच नसते. तिची उघडी पोटरी गावाला सांगत असते की ही कोण आहे आणि हिच्याशी कसं वागायचं.

हे एकट्या महाडचं नव्हतं. त्रावणकोरात नाडार स्त्रियांना वरच्या जातींसमोर छाती झाकायला बंदी होती. अनेक वर्षांच्या संघर्षानंतर १८५९ मध्ये तिथल्या राजाने छाती झाकायची परवानगी दिली, तीही उच्चवर्णीय बायकांसारखी झाकायची नाही, या अटीवर. इंदूर संस्थानातल्या बलाई समाजावर सवर्णांनी लादलेल्या नियमांची बातमी जानेवारी १९२८ मध्ये वर्तमानपत्रात आली. त्यांत जरीकाठी पागोटं नको, रंगीत काठाचं धोतर नको, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत असे नियम होते. महाडच्या परिषदेला तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. बाबासाहेबांनी पुढे ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या १९३६ च्या पुस्तिकेत या बातमीचा दाखला दिला.

याच्या शेजारी गांधीजींना ठेवून बघा. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत त्यांनी पंचा स्वीकारला. गरिबाला पुरेसा कपडा नाही, म्हणून मीही घालणार नाही, हा त्याग मोठाच होता. पण त्याग करायला आधी हातात काहीतरी असावं लागतं. बॅरिस्टर असलेल्या माणसाने कपडे उतरवले की तो महात्मा होतो. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या घालूच दिले नाहीत, त्याच्या उघड्या अंगाला कुणी नमस्कार करत नाही. बाबासाहेबांच्या कोटाचा अर्थ इथे कळतो.

त्याच १९२७ सालात, जुलै महिन्यात, मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण हे त्याचे विषय. त्यात नग्न चित्रंही छापली जात. शरीर बघण्यात मुळात वाईट काही नाही, लाज ही सवयीने लागते, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरं अश्लील ठरवली गेली होती. कोर्टात कर्व्यांची बाजू कुणी मांडली? डॉ. आंबेडकरांनी. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला.

महाडला लुगडं खाली सोडा म्हणणारा आणि कोर्टात कर्व्यांच्या बाजूने उभा राहणारा माणूस एकच. यात विसंगती शोधणाऱ्यांनी प्रश्न नीट वाचलेला नाही. माणसाच्या शरीराबद्दलचा निर्णय जात, रूढी किंवा अंधारात ठेवलेलं ज्ञान यांच्या हातात असू नये, हेच दोन्ही ठिकाणी म्हणणं आहे.

आता सगळ्यात कठीण भाग. नग्नता शिक्षा म्हणूनही वापरली जाते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचे जबरदस्तीने कपडे उतरवणं आणि त्याची नग्न धिंड काढणं हा वेगळा गुन्हा म्हणून लिहावा लागला. कायद्यात एखादी गोष्ट नाव घेऊन येते, तेव्हा ती घडत असते म्हणूनच येते. फुलनदेवीवरच्या ‘बँडिट क्वीन’ चित्रपटात अशा धिंडीचं दृश्य आहे. ते अश्लील आहे म्हणून खटला झाला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते दृश्य वासना चाळवायला नाही, चीड आणायला आहे. आणि जुलै २००४ मध्ये इंफाळला, कांगला किल्ल्याच्या दारात, बारा मणिपुरी महिलांनी सैनिकी अत्याचाराच्या निषेधार्थ स्वतःचे कपडे उतरवले. ज्या गोष्टीने बाईला शरमेने गाडलं जातं, तीच त्यांनी समोरच्याच्या तोंडावर फेकली. त्या दिवशी लाज त्यांना वाटायची नव्हती.

मग कायदा काय म्हणतो? नग्नता आणि अश्लीलता एकच नाहीत, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. १९६४ च्या उदेशी खटल्यात, मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या प्रकरणात, ज्यांची मनं बिघडू शकतात त्यांच्यावर मजकुराचा काय परिणाम होईल, ही जुनी इंग्रजी कसोटी लावली गेली. २०१४ मध्ये टेनिसपटू बोरिस बेकरच्या छायाचित्राच्या प्रकरणात न्यायालयाने ती बाजूला ठेवून समाजाची आजची धारणा काय, ही कसोटी घेतली. बदल चांगलाच आहे. पण समाज म्हणजे कोण, हा प्रश्न उरतोच. महाडमध्ये १९२७ साली समाजाची धारणा विचारली असती, तर आखूड लुगडंच योग्य, असं उत्तर आलं असतं.

नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्यात एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. मिलिंद सोमण यांनी किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचं छायाचित्र टाकलं; गुन्हा नोंदला, पण अटक झाली नाही. एका अभिनेत्रीला धरणाच्या आवारातल्या चित्रीकरणासाठी अटक झाली. दोन्ही प्रकरणं तंतोतंत सारखी नव्हती, जागा सरकारी होती वगैरे. तरीही लोकांच्या बोलण्यातला फरक ऐकण्यासारखा होता. त्याच्या तब्येतीचं कौतुक, तिच्या चारित्र्याची चर्चा.

काही जण विचारतील, मग काय, ज्याला वाटेल त्याने कसंही फिरावं? नाही. एसटी स्टँडवर मुलींसमोर अंग उघडं करणारा माणूस स्वातंत्र्य भोगत नाही, तो हल्ला करतो. समोरच्याला नको असताना दाखवणं हीसुद्धा जबरदस्तीच. म्हणून आम्ही तीन प्रश्न सुचवतो. अंग उघडं किंवा झाकलेलं आहे ते कुणाच्या मर्जीने? बघण्याची सक्ती कुणावर होते आहे का? आणि हा नियम सगळ्यांना सारखा आहे, की एखाद्या जातीला, बाईला, गरिबाला वेगळा?

हे प्रश्न आज लावून बघा. पावसाळ्यात आपल्याकडच्या धबधब्यांवर मुंबई-पुण्याची गर्दी येते. उघड्या अंगाने नाचणाऱ्या पोरांवर गावाचा राग असतो, तो समजण्यासारखा आहे. पण त्याच गर्दीतल्या कुणाच्या मोबाइलमध्ये ओढ्यावर अंघोळ करणारी किंवा धुणं धुणारी वाडीतली बाई टिपली जाते, तेव्हा आपण बोलतो का? घरात मोरी नाही म्हणून ती तिथे आहे. चोरून बघणं आणि चित्रण करणं हा आता गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात तो आहे. पण तिथे त्या परिस्थितीत खासगीपणाची अपेक्षा धरता येते का, हे पाहिलं जातं. मोरीची भिंत असलेल्या घरातल्या बाईला ते सिद्ध करणं सोपं. ओढ्यावरच्या बाईसाठी ते कोण सिद्ध करणार? तिथे गावाने उभं राहायला हवं.

नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी महाडमध्ये बायकांनी लुगडं घोट्यापर्यंत सोडलं, तेव्हा त्यांनी कपड्याचं माप त्या दिवसापुरतं आपल्या हातात घेतलं. आपल्या गावात ते माप आज कुणाच्या हातात आहे, यावर आता आपण बोलू. प्रश्न विचारायला संकोच करू नका. या विषयावर तर मुळीच नको.